जुनी रोड सायकल, नवे पार्ट: कशाला काय बसतं?

आजचा भाग सायकलवाल्यांसाठी. 'बाइक' म्हटलं की आपल्याकडे पेट्रोलवाली डोळ्यांसमोर येते, म्हणून मी भागभर सायकलच म्हणणार आहे. वाकड्या हँडलची, बारीक टायरची रोड सायकल. ऐकताना आकडे निसटून जातात, म्हणून या भागाचं शब्दांकन थोडं नीट करून इथे टाकतोय. दुकानात उभं राहून मोबाइलवर उघडता आलं की झालं.

सुरुवात एका वाईट सकाळपासून करतो. जुलै महिना, सिंहगडाचा उतार, रस्ता ओला. दुसऱ्या वळणाला मी दोन्ही ब्रेक दाबले आणि लिव्हर थेट हँडलला टेकले. सायकल थोडी मंदावली, थांबली नाही. मी बूट रस्त्यावर घासत, शेवटी कडेच्या चिखलात घुसवून थांबवली. समोरून जीप वर येत होती. ड्रायव्हरने काच खाली करून फक्त एवढंच विचारलं, "ब्रेक नाहीत का?"

ब्रेक होते. पण पॅडचे रबर दगडासारखे कडक झाले होते आणि वायर गंजल्या होत्या. गंमत अशी की त्याच आठवड्यात मी त्याच सायकलवर साडेतीन हजार रुपये खर्च केले होते. कशावर? एका चकचकीत सेकंडहँड डिरेलरवर. ते घरी बॉक्समध्ये पडलं होतं, कारण ते माझ्या सायकलवर चालतच नव्हतं.

म्हणजे जिथे जीव अडकला होता तिथे पैसे घातले नाहीत, आणि जिथे घातले तिथे पार्ट जुळला नाही. आजचा भाग या दोन चुकांवर आहे.

आधी सायकलची ओळख

माझी सायकल २०१२ च्या सुमाराची. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, शिमानो २३०० चा ८-स्पीड सेट. या शिफ्टरला आतल्या बाजूला अंगठ्याने दाबायचं छोटं बटण असतं. पुढे दोन चकत्या, ५० आणि ३४ दात्यांच्या. मागे १२ ते २५ दात्यांची कॅसेट. ऑफिसमधल्या एका सिनियरने परदेशी जाताना मला स्वस्तात दिली. त्या वर्षी २०० किलोमीटरची बीआरएम करायचं डोक्यात होतं. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांबची राइड. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. माझी अडचण एकच होती, घाटात गुडघे बोलायला लागायचे.

आता नवीन माणूस काय करतो? मोबाइल उघडतो, "११-स्पीड अपग्रेड" शोधतो, आणि एकेक पार्ट कार्टमध्ये टाकत जातो. मीही तेच करत होतो. पण सायकलचे पार्ट सुटे विकत मिळत असले तरी ते सुटे काम करत नाहीत. आमच्या कोडच्या भाषेत सांगायचं तर या डिपेंडन्सी आहेत. एक बदललं की त्याच्याशी बोलणारं दुसरं तपासावंच लागतं.

सायकलवर असे तीन गट आहेत. पहिला गियरचा: शिफ्टर, डिरेलर, कॅसेट आणि चेन. दुसरा ब्रेकचा: लिव्हर, वायर, कॅलिपर, पॅड आणि रिम. तिसरा फ्रेमच्या मापांचा: मागच्या चाकासाठीची जागा, पॅडलच्या एक्सलचं घर, सीटपोस्टचा व्यास. पहिल्या दोन गटांत पैसे देऊन बदल करता येतो. तिसरा गट तुमच्या फ्रेमने ठरवून ठेवलेला असतो, तिथे वाद घालायचा नाही.

माझं डिरेलर का चाललं नाही

मला दुकानात सांगितलं गेलं होतं, "शिमानोचं ८, ९, १० सगळं एकच असतं, बिनधास्त घ्या." हे बरचसं खरं आहे, म्हणूनच फसायला होतं.

गणित साधं आहे. तुम्ही एक क्लिक केलंत की शिफ्टर ठरावीक वायर ओढतो. डिरेलर त्या वायरीला एका गुणोत्तराने गुणतं आणि तेवढं बाजूला सरकतं. ते सरकणं कॅसेटच्या दोन चकत्यांमधल्या अंतराएवढं असलं की गियर नीट पडतो.

शिमानोच्या ८-स्पीड रोड शिफ्टरमध्ये एका क्लिकला साधारण २.८ मिलीमीटर वायर ओढली जाते. जुन्या रोड डिरेलरचं गुणोत्तर साधारण १.७. गुणाकार ४.७६. ८-स्पीड कॅसेटमध्ये चकत्यांचं अंतर ४.८ मिलीमीटर. जुळलं! ९-स्पीडला शिफ्टर साधारण २.५ ओढतो, गुणिले १.७ म्हणजे ४.२५, आणि चकत्यांचं अंतर ४.३५ च्या आसपास. तेही जुळलं. जुन्या १०-स्पीडला २.३ गुणिले १.७, म्हणजे ३.९१, अंतर ३.९५. पुन्हा जुळलं.

नीट बघा, तिन्ही ठिकाणी १.७ तोच आहे. म्हणजे शिफ्टर, कॅसेट आणि चेन एकाच स्पीडचे असले की या पिढीतलं डिरेलर ८, ९ किंवा १० यांपैकी कुठलंही चालतं. दुकानदाराचं म्हणणं इथपर्यंत बरोबर होतं.

पण पुढे शिमानोने हे गुणोत्तर बदललं. ११-स्पीड रोड डिरेलरला ते साधारण १.४ आहे. आणि खरा खड्डा इथे आहे: टिआग्रा ४७०० हा सेट १०-स्पीडचाच, पण त्याचं डिरेलर नव्या गुणोत्तराचं. त्याच्या आधीचा टिआग्रा ४६०० सुद्धा १०-स्पीडचाच, पण जुन्या गुणोत्तराचा. नाव तेच, स्पीड तेवढेच, आतला हिशोब वेगळा. मी घेतलं होतं ४७००.

माझ्या ८-स्पीड शिफ्टरबरोबर काय झालं? २.८ गुणिले १.४ म्हणजे ३.९२. हवं होतं ४.८. प्रत्येक क्लिकला जवळजवळ ०.९ मिलीमीटर कमी. पहिल्या चकतीवर छान बसायचं, दुसऱ्यावर कुरकुर, चौथ्यावर चेन नाचायची. ८ चकत्यांमध्ये ७ क्लिक, म्हणजे शेवटी ६ मिलीमीटरपेक्षा जास्त चूक, एका पूर्ण चकतीहून जास्त. कितीही स्क्रू फिरवा, हे सुटणार नाही. मी दोन रविवार फिरवले.

म्हणून नियम लिहून ठेवा. पार्ट घेताना फक्त नाव आणि स्पीड विचारू नका, मॉडेल नंबर विचारा. डिरेलरच्या मागच्या बाजूला 'आरडी' आणि पुढे आकडे असा नंबर छापलेला असतो. सेकंडहँड घेताना त्याचा फोटो मागायचा. विकणारा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर राम राम म्हणायचं.

असाच दुसरा खड्डा शिमानोच्या नव्या क्यूज मालिकेचा. त्यातल्या कॅसेट लिंकग्लाइड पद्धतीच्या आहेत. ती कॅसेट तुमच्या जुन्या हबवर बसते, त्यावर ९ किंवा १० स्पीड असंही लिहिलेलं असेल, पण चकत्यांचं अंतर वेगळं आहे. जुना शिफ्टर तिच्याशी जुळत नाही. बसतं म्हणजे चालतं असं नाही, हे सायकलच्या बाबतीत पदोपदी आठवायचं. तसंच स्रॅमचा रोड शिफ्टर आणि शिमानोचं डिरेलर ही जोडी लावू नका, वायर ओढण्याचा हिशोब वेगळा आहे. ८, ९, १० स्पीडच्या स्रॅमच्या कॅसेट आणि चेन मात्र शिमानोबरोबर चालतात.

मला खरंच काय हवं होतं?

साडेतीन हजार गेल्यावर मी आधी करायला हवा होता तो प्रश्न स्वतःला विचारला. मला ११ गियर हवे आहेत, की चढाला हलका गियर हवा आहे?

उत्तर आकड्यातच होतं. ७००×२५ टायरचा परीघ साधारण २.१ मीटर. माझा सगळ्यात हलका गियर पुढे ३४, मागे २५. म्हणजे पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.८६ मीटर पुढे जाते. घाटात माझा वेग ताशी ७ किलोमीटर. त्या वेगाला पॅडल मिनिटाला फक्त ४१ वेळा फिरतं. म्हणजे मी पॅडल मारत नव्हतो, प्रत्येक फेरीला जिना चढत होतो. गुडघे बोलणारच.

मागे ३२ दात्यांची चकती लावली तर एका फेरीत सुमारे २.२३ मीटर. त्याच वेगाला पॅडल मिनिटाला ५२ वेळा फिरतं. माणूस तोच, घाट तोच, पण गुडघ्यावरचा भार सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी. आणि ११ ते ३२ ची कॅसेट ८-स्पीडमध्येही मिळते!

म्हणजे शिफ्टर बदलायची गरजच नव्हती. लागणार होतं फक्त तीन पार्टचं काम: ११-३२ कॅसेट, नवी ८-स्पीड चेन आणि ३२ दाते पेलणारं लांब केजचं डिरेलर. मी क्लॅरिस आर२००० चं लांब केजवालं घेतलं. ८-स्पीडचं आणि जुन्याच गुणोत्तराचं, म्हणून शिफ्टरशी जुळलं.

डिरेलर घेताना दोन आकडे तपासा. एक, ते किती दात्यांची मोठी चकती पेलतं. दोन, त्याची एकूण क्षमता. ही क्षमता काढायला पुढच्या चकत्यांचा फरक आणि मागच्या चकत्यांचा फरक मिळवायचा. माझ्याकडे ५० वजा ३४ म्हणजे १६, ३२ वजा ११ म्हणजे २१, बेरीज ३७. डिरेलरची क्षमता याहून कमी असेल तर चेन कुठेतरी लोंबणार नाहीतर ताणून धरणार.

चेनची लांबी ठरवायला ती पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून फिरवा, डिरेलरमधून न नेता, आणि वर एक इंच ठेवा. जुनी चेन मोजून तेवढीच कापू नका, मागची चकती आता मोठी झालेली आहे.

शेवटचं, पण सगळ्यात आधी करायचं काम: लिमिट स्क्रू. नवी कॅसेट लावल्यावर सायकल स्टँडवर असतानाच हाताने ढकलून बघा की चेन मोठ्या चकतीच्या पलीकडे स्पोकमध्ये जात नाही ना. चालत्या चाकात गेली तर डिरेलरही जातं आणि स्पोकही. गियर लागतच नसतील तर हँगर बघा. डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर टांगलेलं असतं तो हँगर. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो, आणि वाकलेल्या हँगरवर कुठलंही नवं डिरेलर नीट चालत नाही.

चाक बदलायचं असेल तर

बरेच जण पहिल्यांदा चाकं बदलतात. बदला, पण आधी पट्टी घ्या. मागचं चाक काढून फ्रेमच्या दोन आतल्या पृष्ठभागांमधलं अंतर मोजा. रिम ब्रेकच्या रोड सायकलींवर ८-स्पीडच्या काळापासून ते १३० मिलीमीटर असतं. त्याआधीच्या ६-७ स्पीडच्या सायकलींवर बहुतेक १२६. स्टीलची फ्रेम असेल तर जाणकार कारागीर १२६ ची जागा १३० पर्यंत फाकवून देतो. अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बनवर हा प्रयोग अजिबात नाही, फ्रेम तडकेल.

हबच्या ज्या भागावर कॅसेट बसते तो फ्रीहब. शिमानोचा ११-स्पीड रोड फ्रीहब जुन्यापेक्षा १.८५ मिलीमीटर लांब आहे. म्हणून जुनी ८-स्पीड कॅसेट नव्या चाकावर लावायची असेल तर मागे १.८५ मिलीमीटरची रिंग टाकायची. रिंग विसरलात तर लॉकरिंग घट्ट होऊनही कॅसेट हलत राहते. उलट बाजूने, जुन्या फ्रीहबवर सर्वसाधारण ११-स्पीड रोड कॅसेट बसत नाही. काही मोठ्या ११-३४ कॅसेट त्याला अपवाद आहेत, त्या जुन्या लांबीवर बसतील अशाच बनवल्या आहेत.

आता ब्रेक. इथे मस्करी नाही

त्या सकाळनंतर मी ब्रेकचं सगळं स्वतः शिकलो. कॅलिपर आणि लिव्हर तेच ठेवले, बदलल्या फक्त वायर, आउटर आणि पॅड. एकूण खर्च त्या डिरेलरच्या निम्म्याहूनही कमी.

पहिली गोष्ट, रोड लिव्हरमध्ये बसणाऱ्या ब्रेक वायरच्या टोकाची गाठ नासपतीसारखी असते. एमटीबीची गाठ आडव्या डब्यासारखी गोल. छोट्या दुकानात बऱ्याचदा दुसरीच वायर हातात देतात. ठोकून बसवू नका, बरोबर वायर मागून घ्या.

दुसरी गोष्ट, आउटर. ब्रेकचं आउटर आतून स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं. गियरच्या आउटरमध्ये तारा लांबीने सरळ जातात. गियरचं आउटर ब्रेकला कधीही लावू नका. जोरात ब्रेक दाबल्यावर ते फाटू शकतं, आणि ते नेमकं तेव्हाच फाटेल जेव्हा तुम्हाला ब्रेकची गरज आहे.

तिसरी गोष्ट, पॅड. होल्डरमध्ये सरकवून बसवायचे पॅड असतील तर होल्डरची बंद बाजू पुढे, म्हणजे सायकल जाते त्या दिशेला हवी. उलटं बसवलं तर ब्रेक दाबताच चाक पॅडला बाहेर ओढून काढतं. पॅड रिमलाच लागला पाहिजे, टायरला नाही. महिन्यातून एकदा पॅड काढून बघा, अ‍ॅल्युमिनियमचे चमकणारे कण रुतलेले असतील तर सुईने काढा, नाहीतर ते रिम खात राहतात. रिमच्या कडेला हात फिरवा, खोलगट लागली तर रिमचे दिवस भरले.

लिव्हर बदलायचा विचार असेल तर थांबा. शिमानोच्या जुन्या आणि नव्या रोड लिव्हरमध्ये वायर ओढण्याचं प्रमाण बदललेलं आहे, त्यामुळे एका पिढीचा लिव्हर आणि दुसऱ्या पिढीचा कॅलिपर कंपनीच्या तक्त्यात जुळतो का ते आधी बघा. आणि साध्या रोड लिव्हरला व्ही-ब्रेक जोडू नका, त्याला लागते तेवढी वायर तो ओढतच नाही.

"डिस्क ब्रेक लावता येईल का?" हा प्रश्न दर आठवड्याला येतो. फ्रेमवर आणि फोर्कवर डिस्कसाठी जागा नसेल तर नाही. वेल्डिंग करून देणारे भेटतील, नमस्कार करा आणि निघा. बारीक नळीच्या फोर्कवर तो भार टाकायचा नसतो.

टायर आणि पॅडलचा एक्सल

माझ्या सायकलवर २३ चे टायर होते. २५ चे टाकले. आपल्या रस्त्यांवर हा फरक मनगटाला पहिल्याच दिवशी कळतो, कारण हवा थोडी कमी ठेवता येते. २८ बसतील का, हे ब्रेक कॅलिपरच्या खाली आणि फ्रेमच्या मागच्या नळ्यांमध्ये किती जागा आहे त्यावर. टायरच्या चारी बाजूंनी ३ ते ४ मिलीमीटर मोकळे हवेत, पावसाळ्यात चिखल अडकतो. टायरवरचा ६२२ हा आकडा बघा, ७०० सी म्हणजे ६२२. फार जुन्या सायकलींवर २७ इंची, म्हणजे ६३० चं चाक असतं. दोन्हींचे टायर एकमेकांना बसत नाहीत.

पॅडलच्या एक्सलमधून करकर येत असेल तर बॉटम ब्रॅकेट बदलावा लागेल. बहुतेक रोड सायकलींवर ६८ मिलीमीटर रुंदीचं इंग्लिश आट्यांचं घर असतं. त्यात उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूला उलटे आटे असतात. सरळ समजून जोर लावला तर फ्रेमचेच आटे जातात, आणि फ्रेम नवीन मिळत नाही. इटालियन घर ७० मिलीमीटरचं, त्यात दोन्ही बाजूंना सरळ आटे. आधी मोजा, मग पाना उचला.

क्रम काय ठेवायचा?

मला कुणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं, असा क्रम देतो.

१. फ्रेम तपासा. वेल्डजवळ तडा, खोल पोचा किंवा चुकीची साइज असेल तर एक रुपयाही घालू नका.

२. ब्रेक पॅड, वायर, आउटर.

३. टायर आणि ट्यूब.

४. चेन मोजा. चेनच्या १२ पूर्ण जोड्या, म्हणजे २४ पिना, नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच, ३०४.८ मिलीमीटर भरतात. ८-स्पीडला ३०७ च्या वर गेली की बदला. फार उशीर केलात तर कॅसेटही झिजते, आणि मग नवी चेन जुन्या कॅसेटवर उड्या मारते.

५. गियर हलका हवा असेल तर कॅसेट, आणि लागलं तरच डिरेलर.

६. यानंतरही पैसे आणि हौस दोन्ही उरली असेल, तरच स्पीड वाढवा. तेव्हा शिफ्टर, डिरेलर, कॅसेट, चेन हे सगळं एकत्र, एकाच पिढीचं घ्या. तुकड्यातुकड्याने घेतलेला सेट बहुतेक वेळा महागच पडतो.

आणि सहाव्या पायरीचा हिशोब करताना सायकलची आजची किंमत शेजारी लिहा. पार्टची बेरीज त्याच्या पुढे जात असेल तर प्रामाणिकपणे विचार करा. हौसेला मोल नाही हे खरं, पण ती हौस आहे हे आपल्याला माहीत असावं.

माझं काय झालं? ते ४७०० चं डिरेलर एका मुलाला विकलं, त्याच्याकडे ४७०० चाच शिफ्टर आहे याची खात्री करून. तोटा झाला, पण ते पुढे कुणाला खोटं सांगून खपवायचं नव्हतं. बीआरएम त्याच ८-स्पीड सायकलवर साडेतेरा तासांच्या आत पूर्ण केली.

आणि मग पुन्हा जुलैमध्ये सिंहगडावर गेलो. वर पिठलं-भाकरी खाल्ली, दही खाल्लं, आणि उतरताना त्याच दुसऱ्या वळणाला मुद्दाम ब्रेक दाबले. सायकल थांबली. मी एक मिनिट तिथे उगाच उभा राहिलो, आणि मग खाली आलो.

तुमच्याकडे जुनी रोड सायकल असेल तर आज संध्याकाळी एवढंच करा: लिव्हर जोरात दाबून बघा, आणि डिरेलरच्या मागचा नंबर फोटो काढून ठेवा. बाकी खरेदी नंतर. भेटू पुढच्या भागात.